दाढेत हायपोचा वास येतो, पुढच्या सिटिंगला जाऊ का?

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी इचलकरंजीत राहते, वय 46. खालच्या उजव्या बाजूच्या मोठ्या दाढेचं रूट कॅनॉल सुरू आहे. दाढ वर्षभर अधूनमधून ठणकायची, हिरडीवर पुळी येऊन फुटायची. दोन सिटिंग झाल्या. दोन्ही वेळा डॉक्टर सुया फिरवत होते त्याहून जास्त वेळ सिरिंजने आत पाणी मारत होते. तीन सिरिंजा, प्रत्येकीवर स्केचपेनची वेगळी खूण. एकीच्या पाण्याला हायपोचा वास. माझे मिस्टर कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये आहेत, तो वास आमच्या घरात रोजचा, ओळखायला चुकणार नाही. थोडं पाणी तोंडातही आलं, जीभ चरचरली, घशापर्यंत चव गेली. घरी येऊन बघते तर मोरपंखी साडीवर पांढरे ठिपके. कापड पांढरं करायचं पाणी दाढेत घालतात का? शेजारणीचं रूट कॅनॉल तर एका बैठकीत झालं. माझ्या थोरल्या बहिणीच्या वरच्या दाताला असंच पाणी मारताना एकदम कळ आली, तासाभरात गाल सुजला, डोळ्याखालपर्यंत काळानिळा पडला. तिनं ते अर्धवट सोडलं, आजही तसंच आहे. आता माझं दुखणं थांबलंय, पुळीही गेली. सासूबाई म्हणतात, दुखत नाही तर कशाला जायचं, परत दुखली तर काढून टाक. तिसऱ्या सिटिंगला जाऊ की नको?
– एक वाचक, इचलकरंजी

ताई,

जा. ठरलेल्या दिवशीच जा. बाकीचं पत्र सावकाश वाचा, पण एवढं आधी सांगते, कारण दुखणं थांबलं म्हणून अर्धवट सोडलेल्या दाढा मी फार पाहिल्यात. त्यातल्या कितीतरी वाचल्या असत्या.

आता त्या वासाबद्दल. तुम्ही बरोबर ओळखलंत. ते हायपोच आहे, सोडियम हायपोक्लोराइट. सुती कापड शुभ्र करायला वापरतात तेच रसायन. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तीही याच कुळातली. रूट कॅनॉलसाठी ते 0.5 टक्क्यापासून 6 टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या ताकदीचं वापरतात. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत 3 टक्क्यांचं असतं. तुमच्या डॉक्टरांनी काही स्वस्तातली पळवाट काढलेली नाही. दाढेची मुळं आतून धुवायची म्हटलं की जगभरातले दंतवैद्य पहिल्यांदा याच बाटलीकडे हात नेतात. याचा अर्थ घरातली ब्लीचची बाटली दातदुखीवर चालते असा मात्र कुणी काढू नका. ती ना तोंडात घ्यायची, ना कापसावर घेऊन दाढेत धरायची.

दाढेत हेच का, ते सांगते. जंतू मारणारी औषधं पुष्कळ आहेत. पण मेलेलं, कुजलेलं मांस विरघळवून टाकायचं काम हायपोसारखं दुसऱ्या कशानंच होत नाही. आपण ‘नस’ म्हणतो ती खरं तर एकटी नस नसते. रक्तवाहिन्या, नसा, पेशी असा तो एक मऊ गर असतो, दाढेच्या पोटापासून मुळाच्या टोकापर्यंत उतरलेला. तुमच्या दाढेतला गर मेला होता. तो कुजला, त्यात जंतूंनी घर केलं, मुळाच्या टोकाशी पू झाला, आणि पुवानं हाडातून वाट काढून हिरडीवर तोंड फोडलं. तीच तुमची पुळी. पुळी फुटली की आतला दाब कमी व्हायचा, म्हणून मधेमधे दुखणं थांबायचं. दाढ काही त्यानं बरी होत नव्हती.

तुम्ही लिहिलंय की डॉक्टर सुया कमी फिरवत होते आणि पाणी जास्त मारत होते. मला वाटतं तुमचा खरा संशय इथे आहे. काम सुईचं, पाणी म्हणजे आपली मधली धुलाई, मग एवढा वेळ त्यात का घालवायचा? ताई, हे अगदी उलट आहे. धुणं हाच इलाज आहे. सुया फक्त पाण्यासाठी वाट करून देतात.

हे मला कसं पटलं ते सांगते. शिकत असताना आम्हाला काढलेले दात पारदर्शक करायला लावायचे. दात आधी सौम्य नायट्रिक आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढायचं, मग अल्कोहोलमध्ये सुकवायचा, आणि शेवटी मिथिल सॅलिसिलेट नावाच्या तेलकट द्रवात बुडवायचा. अंगदुखीच्या मलमाला जो तिखट वास येतो ना, तो याचाच. प्रयोगशाळाभर तो वास पसरलेला असायचा. दात हळूहळू काचेसारखा दिसायला लागायचा, आणि आत आधी भरलेली शाई दिसायची. पुस्तकातल्या चित्रात मुळाच्या मधोमध एक सरळ नळी असते, तशी मी धरून चालले होते. माझ्या तळहातावरच्या दाढेत तसलं काही नव्हतं. दोन नळ्यांच्या मधे शाईचा पातळ पडदा, बाजूला फुटलेले केसासारखे फाटे, आणि टोकाशी तर नदी समुद्राला मिळताना फाटते तशा चार-पाच बारीक धारा. तुमची ही खालची मोठी दाढ अशा बाबतीत फार गुंतागुंतीची. तिला सहसा दोन मुळं आणि तीन नळ्या, कधी चार. पुढच्या मुळातल्या दोन नळ्यांमधे अशी चिंचोळी फट बऱ्याचदा असते, आणि त्या फटीत सुई शिरत नाही. शिरूच शकत नाही.

आल्याचा गड्डा धुताना आठवून बघा. ब्रशनं वरच्या बाजू स्वच्छ होतात, पण दोन बोटं जिथे जुळतात त्या खाचेत माती राहतेच. ती काढायची तर पाण्यात भिजवावं लागतं, हलवावं लागतं, गढूळ पाणी ओतून नवं घ्यावं लागतं. दाढेच्या आत नेमकं हेच करायचं असतं, फक्त एकवीस-बावीस मिलिमीटर लांबीच्या जागेत, न दिसणाऱ्या खाचांत. दातांचं थरांथरांनी चित्र काढणारी सूक्ष्म स्कॅनची यंत्रं आली तेव्हा सुया फिरवण्याआधीची आणि नंतरची चित्रं एकमेकांवर ठेवून पाहता आली. चांगल्या, आधुनिक, लवचिक सुया वापरूनही नळीच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग सुईनं शिवलेलाच नसतो, असं त्यात दिसलं. एवढा भाग फक्त पाण्याच्या भरवशावर असतो.

आणि तो स्वच्छ होणं किती महत्त्वाचं, हे 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांवर दाखवून दिलं. काही उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, काही नेहमीसारखे. दोन्हींच्या दाढांना भोक पाडून आतला गर उघडा ठेवला. नेहमीच्या उंदरांचा गर मेला, मुळाशी पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या उघड्या दाढेत अन्न अडकलं तरी गर जगला आणि वर नवं कवच धरू लागला. दुखणं दाढेला पडलेल्या भोकाचं नसतं, जंतूंचं असतं. तुमच्या डॉक्टरांचा वेळ त्या जंतूंवर चाललाय.

हायपो माणसाच्या अंगावर वापरायची कल्पनाही काही दंतवैद्यांच्या डोक्यातून आली नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांच्या जखमा सडत होत्या. 1915 च्या सुमारास हेन्री डेकिन या रसायनतज्ज्ञानं आणि अलेक्सी कॅरेल या शल्यविशारदानं 0.5 टक्क्याचं हायपोक्लोराइट जखमेत रबरी नळ्यांनी ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा सोडायची पद्धत बसवली. एकदाच ओतून भागत नव्हतं, कारण हायपो मांसाला लागलं की त्याची ताकद तिथेच खर्ची पडते. नवं द्यावं लागतं, परत नवं. तुमच्या दाढेत डॉक्टर पुन्हा पुन्हा सिरिंज भरत होते, त्याचं कारण शंभर वर्षांपूर्वीचंच आहे. म्हणून मला कुणी विचारलं की चांगलं रूट कॅनॉल कसं ओळखायचं, तर मी विचारते, धुवायला किती वेळ दिला? हायपो एकूण अर्धा तास तरी आत खेळतं राहिलं पाहिजे असं मी माझ्यापुरतं धरून चालते.

स्केचपेनच्या खुणांचं वाचून मला फार बरं वाटलं. तीन सिरिंजांत तीन वेगळी पाणी असणार. एकीत हायपो. दुसरीत बहुधा ईडीटीए, साधारण 17 टक्क्यांचं. सुई फिरली की दाताचा बारीक भुसा निघतो, तो ओला होऊन भिंतीला लिंपल्यासारखा बसतो आणि त्याखाली दाताच्या अतिसूक्ष्म नळ्यांची तोंडं बुजतात. त्या नळ्यांत जंतू लपलेले असतात. हायपो मांस विरघळवतं, पण हा भुसा मुख्यतः कॅल्शियमचा, तो त्याला दाद देत नाही. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि तोंडं मोकळी करतं. ते शेवटी मिनिटभर पुरतं, जास्त वेळ ठेवलं तर भिंतच मऊ पडते. तिसरीत साधं सलाइन असेल, मधेमधे आधीचं पाणी काढून टाकायला.

हे मधलं सलाइन दिसायला बिनमहत्त्वाचं, पण हायपो आणि ईडीटीए एकत्र आले तर हायपोतला कामाचा क्लोरीन बघता बघता संपतो आणि आपण नुसतंच पाणी मारत बसतो. काही डॉक्टर क्लोरहेक्सिडिनही वापरतात, गुळण्या करायच्या औषधात असतं तेच, पण दहापट ताकदीचं, 2 टक्क्यांचं. ते हायपोशी गाठ पडलं की तपकिरी गाळ धरतो, दाढेला डाग पडतो आणि नळ्या बुजतात. तेव्हा सिरिंजांवर खुणा करणारा माणूस यातलं काहीतरी जाणून आहे. तुमच्या डॉक्टरांवर माझा विश्वास बसायला पहिलं कारण तेच झालं.

पाणी टोकापर्यंत पोचवणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. रिकामा तांब्या पालथा धरून बादलीत दाबला तर आत हवा अडकते आणि पाणी वर चढत नाही. दाढेचं मूळ तसंच एका बाजूनं बंद असल्यासारखं वागतं. टोकाशी हवेचा बुडबुडा बसतो आणि पाणी अलीकडेच घुटमळतं. म्हणून सिरिंजची सुई खोलवर न्यावी लागते, टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे, पण कधीही टोकाबाहेर नाही आणि कधीही अडकवून नाही. ती इन्सुलिनच्या सुईइतकी बारीक असते, आणि चांगल्या सुईचं टोक बंद असून भोक बाजूला असतं, म्हणजे धार सरळ खाली न जाता भिंतीवर आपटते. तेवढी सुई आत जाण्याइतकी नळी रुंद करायची, हे त्या फिरवायच्या सुयांचं मोठं काम. शेवटी अल्ट्रासाउंडच्या यंत्राची बारीक काडी आत धरून पाणी थरथरवतात, त्यानं ते फटींत शिरतं. यंत्र नसेल तर रबरासारखी गटापर्चाची काडी हातानं वरखाली करूनही पाणी हलवता येतं, आणि तेही केलं तर खूप फरक पडतो. तुमच्याकडे असं काही केलं का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

शेजारणीचं एका बैठकीत झालं, ते चुकीचं झालं असं अजिबात नाही. तिचा गर कदाचित जिवंत होता, नुसता सुजलेला. पू नव्हता, पुळी नव्हती. अशी दाढ एकदाच नीट धुऊन, सुकवून, भरून बंद करता येते. एक बैठक आणि अनेक बैठका यांची तुलना झालेली आहे आणि बरं होण्यात मोठा फरक दिसलेला नाही. पण दाढेतून पू येत असेल, ती कोरडी होत नसेल, किंवा वेळ पुरत नसेल, तर मधे औषध ठेवून थांबणं शहाणपणाचं. तुमच्या दाढेत दोन सिटिंगच्या मधे बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलं असेल. विड्याच्या पानाला लावतो त्या चुन्याचंच ते शुद्ध रूप, आणि 1920 च्या सुमारापासून दातांत वापरात आहे. (पानाचा चुना दाढेत भरायचा नाही हे वेगळं सांगावं लागतं, कारण भरणारी माणसं माझ्याकडे येतात, हिरडी भाजून.) तुमची पुळी गेली, याचा अर्थ हे धुणं आणि हे औषध लागू पडलं. एवढी चांगली खूण मला एक्स-रेतही लगेच दिसत नाही; हाड भरून यायला महिने लागतात, पुळी आठवड्या-दोन आठवड्यांत सांगून जाते.

आता जे मला खटकलं ते. हायपो तुमच्या तोंडात यायला नको होतं. घशापर्यंत तर मुळीच नाही. तुम्ही लिहिल्यावरून मला वाटतं की दाढेवर रबर डॅम लावला नव्हता. तो म्हणजे रबराचा चौकोनी पातळ पडदा. त्याला भोक पाडून फक्त ती एक दाढ वर काढतात, चिमट्यानं घट्ट बसवतात आणि बाकी तोंड पडद्याखाली राहतं. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्यानं तो 1864 साली वापरायला सुरुवात केली, म्हणजे काही नवं फॅड नव्हे. त्याचे दोन फायदे. एक, पाणी आणि बारीक सुया घशात जात नाहीत. दुसरा मला पहिल्याहून मोठा वाटतो: थुंकी दाढेत जात नाही. थुंकीत जंतू असतात. एका बाजूनं जंतू धुवायचे आणि दुसऱ्या बाजूनं थुंकी आत येऊ द्यायची, यात सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

आपल्याकडे रबर डॅम अजूनही पुष्कळ ठिकाणी लावत नाहीत. वेळ लागतो, पेशंटला गुदमरल्यासारखं वाटतं, अशी कारणं मी सहकाऱ्यांकडून ऐकते. मला ती पटत नाहीत. नाकानं श्वास घेता येत असेल तर तो सहज सहन होतो, आणि दोन-चार मिनिटांत लागतो. तुम्हाला रबराची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, लॅटेक्स नसलेले पडदेही मिळतात. डॉक्टरांना कसं विचारायचं या विचारानं माणसं अडतात, त्यांचा अपमान होईल असं वाटतं. सरळ असं म्हणा: ‘डॉक्टर, मागच्या वेळी ते पाणी घशात गेलं, मला भीती वाटते. या वेळी रबर डॅम लावाल का?’ जो डॉक्टर सिरिंजांवर खुणा करतो तो यावर रागावेल असं मला वाटत नाही. समजा त्यांच्याकडे नसेलच, तर इतक्या पुढे आलेलं काम त्यासाठी सोडू नका. पण सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी, सतत चालू ठेवा म्हणावं, दाढेभोवती कापूस घट्ट ठेवा म्हणावं, आणि चव लागली की हात वर करा. गिळू नका, थुंका, साध्या पाण्यानं भरपूर चूळ भरा. जे थोडं मागे घशात गेलं त्याची आता काळजी करायला नको. चरचर त्याच दिवशी थांबली असेल तर त्यानं पुढे काही होत नाही.

साडीचं मला वाईट वाटलं. ते डाग धुऊन निघणार नाहीत, कारण तो मळ नाहीच, रंगच गेलाय. मिस्टरांना विचारा, ते माझ्याहून चांगलं सांगतील. दवाखान्यात गळ्यापासून मांडीपर्यंत प्लास्टिकचा एप्रन आणि डोळ्यांना चष्मा मागा. चष्म्याचं गांभीर्यानं घ्या. हायपो डोळ्यात उडालं तर लगेच, तिथल्या तिथे, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवायचा आणि मग नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. आधी जाऊन नंतर धुवायचं नाही.

बहिणीचं पत्रात दोनच ओळींत आहे, पण मला वाटतं तुमच्या भीतीचं मूळ तिथेच आहे. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून तिला झालं ते बहुधा हेच: हायपो मुळाच्या टोकातून बाहेर, गालाच्या मांसात गेलं. सुई नळीत अडकली असताना दट्ट्या जोरानं दाबला, किंवा मुळाचं टोक आधीच मोठं उघडं होतं, की असं होतं. वरच्या दातांच्या मुळांवरचं हाड गालाकडच्या बाजूला पातळ असतं, म्हणून तिथे सूज पटकन पसरते. भूल दिलेली असतानाही असह्य कळ, मग भराभर चढणारी सूज आणि काळंनिळं पडणं, ही त्याची ओळख. हे क्वचित होतं, पण होतं, आणि ते नाकारून तुमची भीती जाणार नाही. चूक कुणाची, हे तिचा एक्स-रे न बघता मी म्हणू शकत नाही.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या दिवसांत एका गृहस्थांना मी धूत असताना एकदम कळ आली. सुई थोडी अडकली होती आणि मी अंगठ्यानं दट्ट्या दाबत होते. सुदैवानं थोडक्यात निभावलं, ओठाजवळ सूज आली आणि पाच-सहा दिवसांत उतरली. मी त्यांना तिथेच सगळं खरं सांगितलं, रोज फोन केला. त्या दिवसापासून मी अंगठ्यानं दट्ट्या दाबत नाही, तर्जनीनं हळू ढकलते आणि सुई सतत वरखाली हलती ठेवते. अडकलेली सुई हलत नाही, त्यामुळे हातालाच कळतं.

तुमच्या बाबतीत असं काही झालंच तर काय, ते माहीत असलेलं बरं. धुताना तीव्र कळ आली तर डावा हात वर करा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. ते लगेच थांबतील, सलाइननं धुतील. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक, दुसऱ्या दिवसापासून कोमट, वेदनाशामक, आणि गरज वाटली तर डॉक्टर देतील ती प्रतिजैविकं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं. काही जणांना त्या भागात बधिरपणा जास्त दिवस राहतो. सूज जिभेखाली किंवा गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर मात्र घरी थांबायचं नाही, तडक मोठ्या रुग्णालयात.

सासूबाईंच्या म्हणण्यावर येते. त्यांच्या पिढीला दाढ काढणं हाच इलाज माहीत होता, त्यामुळे त्यांचं चुकत नाही. पण आत्ता तुमच्या दाढेत काय आहे ते त्यांना सांगा. वर तात्पुरतं सिमेंट आहे. ते चावून चावून झिजतं, कडेनं फट पडते आणि थुंकी आत जाते. आतला गर तर गेलाच आहे, दुखायला काही उरलेलं नाही, त्यामुळे दाढ आतून पुन्हा सडत जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. कळेल तेव्हा पुळी परत आलेली असेल. दोन आठवड्यांहून जास्त लांबवू नका. तिसऱ्या सिटिंगला पुन्हा धुणं होईल, मग कागदाच्या काड्यांनी आत सुकवतील आणि गटापर्चा भरून बंद करतील. नंतर कॅपही लगेच बसवून घ्या. खालची मोठी दाढ चावण्याचा सगळा भार घेते, आणि पोखरलेली दाढ कॅपशिवाय उभी चिरली तर मग खरंच काढावी लागते.

काढून टाकणं स्वस्त वाटतं, पण ती जागा रिकामी राहिली की मागची दाढ पुढे कलते, वरची खाली उतरते, आणि तिथे नवा दात बसवायचा खर्च आजच्या खर्चाहून जास्त होतो. कॅपचे पैसे एकदम जमत नसतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आधी पक्कं सिमेंट भरून कॅप महिन्याभरानं करता येते. जवळच्या दंत महाविद्यालयाचाही पर्याय आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली रूट कॅनॉल करतात, खर्च कमी, खेपा जास्त.

बहिणीला माझं एवढं सांगा की तिचा तो दात तसाच ठेवू नये. अर्धवट उघडलेला दात न दुखताही मुळाशी हाड खात राहतो. एक एक्स-रे काढून रूट कॅनॉलच्या तज्ज्ञांकडे जावं, आणि आधी काय झालं होतं ते पहिल्याच भेटीत सांगावं, म्हणजे धुताना ते कमी ताकदीचं पाणी आणि जास्त सावध हात वापरतील. एकटीनं जायला घाबरत असेल तर तुम्ही सोबत जा. तुमची दाढ तोवर भरून झालेली असेल, ती तिला दाखवता येईल.

तिसरी सिटिंग झाली की मला कळवा. रबर डॅम लावला का, तेही लिहा. जाताना पोटभर जेवून जा, भूल उतरेपर्यंत त्या बाजूनं खाता येणार नाही. आणि एप्रन मिळाला तरी जुनी, फिकट रंगाची सुती साडीच नेसून जा.